कोपऱ्यातली तारीख

माझ्या आईचा जन्म एक जूनचा, असं तिचे सगळे कागद सांगतात. आई मात्र तसं कधीच सांगत नाही. तिच्या काळी शाळेत नाव घालायला गेलं की मास्तर जन्मतारीख विचारायचे, घरची माणसं मास्तरांच्याच तोंडाकडे बघायची, आणि मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. आई पुढे स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. ती निवृत्त झाली त्या एकतीस मेला तिच्या ओळखीतले इतके एक जूनवाले शिक्षक एकदमच निवृत्त झाले की आमच्या भागात हारांची टंचाई झाली. आईला शेवटी गजऱ्यांचा हार करून घालावा लागला.

यंदा कागदावर तिला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. पुण्याच्या माझ्या भावानं एक जूनला हॉल बघून ठेवला, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं ठरवलं आणि हौसेनं फोन केला. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एक जून हा मास्तरांचा वाढदिवस हाय, माझा न्हाय. त्यांचाच करा.”

भाऊ रागावला. मग खरा कधी ते सांग, म्हणाला. तिथंच तर घोडं अडलं होतं. आई मूळची कुरुंदवाडची, शेती आणि थोडाफार व्यापार असलेल्या जैन घरातली. तिघी बहिणींत ती सगळ्यांत धाकटी, आणि तिच्या पाठीवर मामा. मामाचा जन्म मिनिटापर्यंत ठाऊक, त्याची पत्रिका लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेली. आईच्या जन्माविषयी तिच्या अव्वानं, म्हणजे माझ्या आजीनं, दोनच शब्द सांगितले होते: थंडी होती. एवढ्यावर हॉल कसा बुक करणार?

आई माझ्याच घरी असते. फोन ठेवल्यावर ती उठली, कपाट उघडलं आणि साड्यांच्या खालून एक सीडी काढून माझ्यासमोर ठेवली. “ही लावता येती का बघ,” म्हणाली.

त्या सीडीची हकिगत सांगायला हवी. आईचे वडील, आप्पा, रोज रात्री पंचांगात त्या दिवसाच्या तिथीशेजारी पेन्सिलीनं एक ओळ लिहायचे. पाऊस पडला का, नदीचं पाणी घाटाच्या कितव्या पायरीला आलं, गाय कधी व्याली, कोण पाहुणे आले. अशी पस्तीस-चाळीस वर्षांची पंचांगं घरात होती. मामाला मध्यंतरी कॉम्प्युटरचं भलतंच वेड लागलं, तेव्हा त्यानं एका क्लासवाल्याकडून ती सगळी स्कॅन करून अल्बमची सीडी बनवून घेतली. त्यातल्या फक्त पुराच्या नोंदी त्यानं वाचल्या आणि पारावर बसून आमच्या आप्पांनी अमुक साली अमुक पायरी लिहून ठेवलीय म्हणून भाव खाल्ला. बहिणींना एकेक सीडी दिली. पुढे एकोणीसच्या पुरात मामाच्या घरात छातीएवढं पाणी चढलं आणि पंचांगांचा लगदा झाला. मामाची सीडी त्याच पाण्यात गेली. मोठ्या दोघी मावश्यांच्या सीड्या कुठं गेल्या ते त्यांच्या घरात कुणाला सांगता येत नाही. उरली ही एक.

मला विलक्षण आनंद झाला. मी म्हटलं, आई, इतकी वर्षं तू ही साड्यांखाली ठेवलीस आणि एकदाही लावली नाहीस? ती म्हणाली, बघू कधीतरी म्हणून राहिलं. मी जास्त विचारलं नाही. मला कुठं दम होता?

माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. म्हणून माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला. लॉकडाऊनमध्ये माझ्या मुलीचा अभ्यास त्याच्यावर झाला होता, नंतर तो धूळ खात पडलेला. रविवारची सकाळ होती. शिंकत शिंकत वायरी जोडल्या, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर कसलीशी कुरकुर उमटली आणि एफ-वन दाबा म्हणाला. दाबलं. चालू झाला! सीडी आत घातल्यावर मिक्सरसारखी घरघर झाली, ब्राउझर उघडलं आणि सनई वाजायला लागली. क्लासवाल्याच्या हौसेला मोल नव्हतं. चारी कोपऱ्यांत गुलाब, मधे ‘आप्पांची पंचांगे’, आणि माउसनं पान ओढलं की फर्र आवाज करत ते खरोखरच्या पुस्तकासारखं उलटायचं. भिंगाच्या चित्रावर टिचकी मारली की अक्षर मोठं व्हायचं. दुसऱ्या पानावर पेन्सिलीतलं बारीक, तिरकं अक्षर दिसलं आणि आईनं पडद्याला हात लावला. तिनं वडिलांचं अक्षर किती वर्षांनी बघितलं कोण जाणे.

इथं मी माती खाल्ली.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आलेला प्रत्येक नग मापून बघायचा, केसाइतकी चूक असली तरी बाजूला काढायचा, हे माझं काम. त्यामुळे माझा स्वभावही तसलाच झालाय. दुसऱ्याच्या घरातलं घड्याळ दोन मिनिटं पुढं असलं तरी मला चहा गोड लागत नाही. कॉम्प्युटरचा पंखा तेव्हा खरडल्यासारखा आवाज करत होता, डबा तापला होता, आणि जगातली एकुलती एक सीडी त्याच्या पोटात होती. मी म्हटलं, थांब आई, आधी हा नीट करून घेऊ. आई म्हणाली, चार पानं तरी बघू. मी ऐकलं नाही. बंद केला, सीडी काढली आणि डबा रिक्षात घालून पुढच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला.

आमच्या राजारामपुरीत मोबाइलची दुकानं ढिगानं, पण जुन्या कॉम्प्युटरला हात लावणारा हा एकच. त्यानं धूळ झटकली, पंख्याला तेल दिलं. आतला बटणाएवढा सेल मेलाय, म्हणून ते एफ-वन मागतंय, असं सांगितलं, आणि राहू दे की, एफ-वन दाबलं की चालतंय, असंही म्हणाला. पण मला ते ‘चालतंय’ चालेना. मी नवा सेल टाकायला लावला, आणि तारीख-वेळ माझ्या मोबाइलशी ताडून सेकंदापर्यंत बरोबर करून घेतली. तो माझ्याकडे बघत राहिला. “डबा दणकट हाय, वैनी,” एवढंच म्हणाला.

मंगळवारी संध्याकाळी घरी आणला. आवाज नाही, एफ-वन नाही, सगळं झकास. आता बसल्या जागेवरून सगळं मिळावं म्हणून मी इंटरनेटची वायरसुद्धा जोडून ठेवली. आई हात-पाय धुऊन, जेवण आटोपून खुर्चीवर येऊन बसली. ती दिवस मावळायच्या आत जेवते, तो नेम तिनं नोकरीतही कधी मोडला नाही. मी सीडी घातली. गुलाब नाहीत, सनई नाही. नुसता एक करडा चौकोन आणि मधोमध गोलात इंग्रजी आय. त्याच्यावर टिचकी मारली तर इंग्रजीत मोठं पान उघडलं. सार असं की हा अल्बम ज्या प्लगइनवर, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालतो ते सुरक्षेच्या कारणासाठी ब्लॉक केलेलं आहे, यापुढे चालणार नाही, कॉम्प्युटरमध्ये असलं तर काढून टाका.

रविवारी तर नाचत होतं!

पुढचे चार दिवस मी कामावरून आले की पर्स टाकून त्या डब्यापुढे बसायची. सेटिंगमध्ये जाऊन प्लगइनला ‘नेहमी चालू’ केलं. चौकोन तसाच. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं. त्याला तर ते काय आहे हेच ओळखू येईना. सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवर टाकल्या, तिथं चौकोनसुद्धा आला नाही. एकेक उपाय सुचला की अंगात वारं शिरायचं, हे नक्की चालणार असं मी आईला ओरडून सांगायची, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तोच गोल माझ्याकडे बघायचा. दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, त्या प्लगइनमधनं चोर आत शिरत होते म्हणून ते बनवणाऱ्यांनीच बंद केलंय, आता जगात कुठंच चालत न्हाय. मी म्हटलं, अहो, पण रविवारी चाललं की. तो म्हणाला, “मग रविवारीच बघून घ्यायचं.”

असा राग आला त्याचा. त्याहून जास्त माझा आला, कारण तो बरोबर बोलला होता. चार पानं तरी बघू, असं आई म्हणत होती.

आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. शुक्रवारी मी कपाळाला हात लावून बसलेली बघून ती म्हणाली, “असू दे. नसंलच काई लिवल्यालं.”

मी वळून बघितलं. मग तिनं हळूहळू सांगितलं. तिसरी पण मुलगी झाली म्हटल्यावर घरात कुणाला कौतुक असणार, असं ती लहानपणापासून धरून चालली होती. पेढे नाहीत, पत्रिका नाही. आप्पा बोलायला कमी, मायेनं जवळ घेतील असले नव्हतेच. सीडी आली तेव्हा तिला पहिला विचार आला तो हाच, की गाय व्यालेली लिहून ठेवणाऱ्या माणसानं माझं लिहिलं असेल का. आणि नसलं तर? म्हणून सीडी साड्यांखाली गेली. पंचाहत्तरीचं निघालं तेव्हा तिला वाटलं, आता एकदा काय ते कळू दे.

हे ऐकल्यावर माझी झोपच उडाली. आता मला तारीख नको होती. मला ती ओळ हवी होती.

शनिवारी मला सुट्टी. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मी पुन्हा डब्यापुढे, आणि मागे आई चिंच फोडत बसलेली. मी मोठ्यानं पुटपुटत होते, तोच डबा, तीच सीडी, तेच ब्राउझर, मग रविवारी असं काय वेगळं होतं? आई म्हणाली, “तारीख वेगळी होती की.”

मी म्हटलं, तारीख रोजच वेगळी असते, आई.

“तसं न्हवं. ह्याच्या कोपऱ्यात. त्या दिवशी एक जानेवारी होती, आणि साल दोन हजार नऊ.”

पस्तीस वर्षं रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहिणारी बाई ती. कुठल्याही चौकोनी वस्तूचा आधी कोपरा बघते. पडद्यावर उजव्या हाताला खाली बारीक आकडे असतात, ते तिनं रविवारी वाचले होते आणि मनात म्हणाली होती, बिचाऱ्याला पण कुणीतरी एक तारीख लावून दिलीय.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सेल मेलेला, त्यामुळे डब्याला आजचं साल ठाऊकच नव्हतं. आपण दोन हजार नऊमध्ये आहोत असं तो समजत होता, आणि तेव्हा हे प्लगइन राजरोस चालायचं. प्लगइन आपलं आपण घड्याळ बघतं, आणि ठरलेला दिवस उलटून गेलेला दिसला की आडवं पडतं. त्याला तो दिवस उलटल्याचं सांगितलं कुणी? मी. मोबाइलशी ताडून, सेकंदापर्यंत.

मी खुर्चीतून उठून आईचा मुकाच घेतला. तिच्या हाताला चिंच, माझ्या गालाला चिंच. मग आधी इंटरनेटची वायर उपसून काढली. एक तर तारीख परत सुधारून बसायला नको, आणि दुसरं म्हणजे ज्या दारातून चोर येतात म्हणतात ते दार उघडायच्या आधी रस्ताच बंद केलेला बरा. मग तारखेवर टिचकी मारली. आणि खरं सांगते, हात थांबला. आमच्या खात्यात नोंदीवरची तारीख मागे घेणं म्हणजे महापाप, मी दोघांना त्यावरून झापलेलं आहे. पण आई मागे उभी होती. एक जानेवारी, दोन हजार नऊ. ओके.

चौकोन तसाच.

परत टिचकी मारली, तरी तसाच. मग लक्षात आलं, ब्राउझर मघापासून उघडंच आहे, त्याला बदललेली तारीख कळलीच नसेल. ते पूर्ण बंद केलं, परत उघडलं, सीडीवर टिचकी मारली. घरघर, घरघर, आणि सनई! चारी गुलाब जागच्या जागी. मी त्या सनईवर बैठकीच्या खोलीत नाचले, या वयात, आणि आई वर्गातल्यासारख्या टाळ्या वाजवत होती.

आम्ही तिच्या दाखल्यावरचं साल काढलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी पान उलटायचं, भिंग लावायचं, आईनं वाचायचं. रोज एक वाक्य होतंच, ‘मळ्यास गेलो.’ त्याच्या पुढेमागे बाकीचं जग. ‘मळ्यास गेलो. पाऊस नाही.’ ‘मळ्यास गेलो. पाणी तिसऱ्या पायरीस.’ आईला एकेक माणूस आठवत होता, एकेक बैल आठवत होता. मला धीर निघेना, आणि आईला पान सोडवेना. श्रावण गेला, दिवाळी गेली. एका पानावर ‘कपिली व्याली. कालवड.’ असं होतं, ते तिनं जरा हळू वाचलं. थंडीचे महिने आले तशी मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मार्गशीर्ष, पौष, माघ. ‘मळ्यास गेलो.’ ‘मळ्यास गेलो.’ फाल्गुनाचं शेवटचं पान उलटलं आणि वर्ष संपलं.

काहीच नव्हतं.

आई म्हणाली, झालं, चल जेवून घेऊ, दिवस मावळायला आला. अगदी साध्या आवाजात म्हणाली, आणि तेच मला सहन होईना. मी म्हटलं, थांब, शाळेत तुझं नाव घातलं ती गोष्ट परत सांग. ती आमच्या घरात शंभरदा सांगून झालेली गोष्ट. मोठी बहीण, तिची अक्का, शाळेला निघाली की ही रडून तिच्या मागे जायची आणि वर्गात जाऊन बसायची. एक दिवस मास्तर हसून म्हणाले, हिचे दुधाचे दात अजून जागेवर आहेत, पण बसतेय तर सहाची धरून नाव घालून टाकू.

सांगता सांगता आई थांबली. पहिलीच्या पोरांना तिनं जन्मभर शिकवलं होतं. सहा वर्षांच्या पोराच्या तोंडात पुढं खिंडार असतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

“मी सा वर्षांची न्हवतेच,” ती म्हणाली. “पुढचं साल लाव.”

लावलं. आता मी पानं उलटत नव्हते, पळवत होते. ओळी कमी, फर्र फर्र आवाजच जास्त. खिडकीबाहेर दिवस मावळला, आईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दसरा, दिवाळी, आणि मग कार्तिकाच्या वद्य पंचमीशेजारी त्या तिरक्या अक्षरात नेहमीपेक्षा लांब ओळ. मी भिंग लावलं. आईनं मोठ्यानं वाचली.

‘पहाटे मुलगी झाली. दोघी बऱ्या. आज मळ्यास गेलो नाही.’

पुढच्या दिवशी: ‘आजही गेलो नाही. थंडी फार. शेगडी आणविली.’

तिसऱ्या दिवसापासून पुन्हा मळा.

आम्ही दोघी किती वेळ त्या दोन ओळींकडे बघत होतो ते सांगता येणार नाही, कारण घड्याळ तर खोटंच होतं. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. दीड वर्षात तो माणूस कुणाचं लग्न असो, अंगात ताप असो, मळ्यात गेलेला होता. गेला नाही तो हे दोन दिवस. मग तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, आता मामाचा काढ. त्याची तारीख पाठच होती, लगेच सापडली. ‘मुलगा झाला. पत्रिकेस सांगितले. दुपारून मळ्यास गेलो.’

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. तसाच मामाला फोन लावला आणि स्पीकरवर ही ओळ त्याला दोनदा वाचून दाखवली. मामा म्हणाला, त्या दिवशी मळ्यात पाण्याची पाळी असंल. आई म्हणाली, असंल की.

फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की खऱ्या तारखेनं बघता तिला दीड वर्ष आधीच निवृत्त केलं होतं. दोन वर्ग हुकले माझे, म्हणाली, आणि क्षणभर खरोखरच वाईट वाटलं तिला. मग पुण्याला फोन करून हॉल रद्द करायला सांगितला. पंचाहत्तरी यंदा नाहीच, पुढच्या वर्षी कार्तिकात. भाऊ आता तिथी पाठ करतोय. जेवण तर चुकलंच होतं. मी नुसतं दूध तरी घे म्हणून आग्रह केला, पण दिवस मावळल्यावर ती काही घेत नाही. उपाशीच झोपली, आणि सकाळी मला म्हणाली, इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

त्या डब्याची तारीख मी अजून सुधारलेली नाही. वायर जोडत नाही. कधी चुकून आतला नवा सेल मेलाच तर बरंच होईल.

त्याच रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी उभी दिसली. दुधाच्या खाड्यांसाठी दोरीनं बांधलेली पेन्सिल तिच्या हातात होती आणि तिनं मेवरून थेट नोव्हेंबरचं पान उलटलं होतं. वद्य पंचमीच्या चौकोनात ती बारीक, तिरकं काहीतरी लिहीत होती. ती आंघोळीला गेल्यावर मी जाऊन वाचलं. ‘मुलगी झाली. आज कामावर जायचे नाही.’

सोमवारी कारखान्यात गेल्या गेल्या मी नोव्हेंबरातल्या त्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकला.